चिंगीची जाळी

आमच्या भागात कुत्रं पाळतात ते भुंकायला. लाड करायला नाही, सोबतीला तर नाहीच. मळ्यात वस्ती असली की दारात एक कुत्रं असतंच, कधी दोन-तीन. त्याला सकाळी कालची भाकरी, रात्री उरलंसुरलं कालवण, आणि निजायला मिळेल ती जागा. ट्रॅक्टरखाली, कांद्याच्या बराखीच्या आडोशाला, फार पाऊस असला तर ओट्यावर. त्या बदल्यात उसाच्या कडेला काही हललं की त्यानं ओरडायचं. मग आपण खिडकीतून बॅटरी मारायची, दोनदा 'हाऽऽड' करायचं आणि कूस बदलायची. कुत्रं बाहेरच.

जुन्नर तालुक्यातल्या या घरात मी सून म्हणून आले तेव्हा दारात मोत्या होता. त्याच्यामागून खंड्या आला, मग काळी, मग काळीचं एक पांढऱ्या पायांचं पिल्लू. यातलं म्हातारं होऊन मेलेलं एकही मला आठवत नाही. सकाळी कुत्रं दिसलं नाही की सासूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून चारी दिशांना हाका मारायच्या, आणि दादा, म्हणजे माझे सासरे, चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचे, "नेलं." कुणी नेलं हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. मग आठवड्याभरात कुणाच्या तरी वस्तीवरून गोणपाटात गुंडाळून नवं पिल्लू यायचं.

बिबट्या उसात राहतो हे शहरातल्या पाहुण्यांना खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, जंगल संपलं म्हणून तो बिचारा वाट चुकून इकडं येतो. तो वाट चुकत नाही. त्याचा जन्मच इथला. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, कालव्यांना पाणी आलं आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. आत दाट सावली, जवळ पाणी, माणसाची वर्दळ जवळजवळ नाही. मादी तिथंच विते. तोडणीच्या वेळी पाचटात बछडी सापडतात, तेव्हा कोयते थांबतात, वनखात्याची माणसं येतात, आणि संध्याकाळी ती बछडी एका क्रेटमध्ये त्याच रानात ठेवतात, आई येऊन घेऊन जाईल म्हणून. बहुतेक वेळा ती येते. ज्यांना परत सोडता येत नाही अशा बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. आमच्या पोरांच्या शाळेच्या सहलीसुद्धा तिकडं जातात, म्हणजे बघा.

आता मूळ मुद्दा. बिबट्या इथं खातो काय? मलाही वाटायचं की शेळ्या. ओरडा होतो तो शेळ्यांचा, पंचनामा होतो तो शेळ्यांचा, भरपाईचा अर्ज भरला जातो तो शेळ्या-मेंढ्यांचा, गायी-वासरांचा. पण डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून त्यातल्या केसांवरून खाणं ओळखलं, तेव्हा हिशोब वेगळाच निघाला. खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, ३९ टक्के. दुसरा मांजराचा, १५ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा फक्त ११ टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा डोळ्यांसमोर आमचंच अंगण आलं. शेळी दिवसा राखणीत असते आणि दिवेलागणीला गोठ्यात जाते, दाराला कडी लागते. शेळी म्हणजे पैसे. कुत्रं रात्रभर मोकळं. बिबट्याला कुत्रं फार आवडतं असं काही नसावं. आम्ही बाकीचं सगळं कडीकुलपात ठेवलं आणि एकच ताट बाहेर मांडून ठेवलं.

चिंगी आली ती अशीच गोणपाटातून. तांबूस, कान मोठे, शेपटीचं टोक मोडल्यासारखं. ती मोठी व्हायला लागली तशी मी घरात विषय काढला की मागच्या परसात तिला जाळीचं बंदिस्त घर करू. लांबट, पळता येईल असं, वरून झाकलेलं. दिवसा मोकळी, रात्री आत.

दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आगं, कुत्रं आत ठिवायचं तर मग पाळायचं कशाला?"

हा प्रश्न वेडेपणाचा नाही, हे मला कबूल आहे. दादांचं म्हणणं असं की कुत्रं ही राखण आहे. राखणदाराला कडी लावून आत बसवलं तर राखण कोण करणार? वर त्यांचा दुसरा मुद्दा, तो ते मोठ्यानं बोलत नाहीत, पण वस्तीवरचा प्रत्येक जण मनात तो धरून असतो. बाहेर कुत्रं आहे तोवर बिबट्या दारापर्यंत आला तरी त्याला जे हवं ते दारातच मिळतं. आत पोरं निजलेली असतात. मी त्यांना म्हटलं, "दादा, म्हणजे आपण त्याला आपल्या जागी उभं करतो." ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. सासूबाई मात्र आतून म्हणाल्या, "मग काय, तुला उभं करायचं व्हय?"

गोष्ट हसण्यावारी गेली, पण माझ्या डोक्यातून गेली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो सगळीकडं फिरत होते. तिथल्या बाया-माणसं शेतात कामाला जाताना गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे बांधत होती, कारण बिबट्या मान धरतो. असे पट्टे मी आजवर फक्त मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात ऐकले-पाहिले होते. त्या फोटोंनंतर दादांनी 'राखण' या विषयावर वाद घालणं सोडलं. पटलं म्हणून नव्हे. पण सोडलं.

मग खर्चाचा वाद सुरू झाला, तो सोपा असतो.

जागा ठरायला वेळ लागला नाही. गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून, न्हाणीच्या अलीकडं. एक लांब बाजू आयती मिळाली, आणि ती बाजू पश्चिमेची, म्हणजे पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन दोन्ही भिंतीवर. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी तिथून हाकेच्या अंतरावर. लांबी वीस फूट, रुंदी सात. नवऱ्याचं म्हणणं होतं बारा बाय बारा करू, क्षेत्र जवळपास तेवढंच आणि बांधायला सोपं. पण चिंगी पळते कशी हे मी रोज बघत होते. ती बांधाच्या कडेनं सरळ सुटते, टोकाला वळते, परत सुटते. चौकोनात तिला गरगर फिरण्याशिवाय काही करता आलं नसतं.

वेल्डिंगवाला आला तो आधी कोंबड्यांची षटकोनी जाळी दाखवायला लागला. स्वस्त पडते म्हणे. ती बिबट्याला कशाला, चिंगीलाच दातांनी तोडता आली असती. मग चेनलिंक. शेताच्या कंपाउंडला आपण लावतो ती. तिचा एक दोष असा की ती विणलेली असते, एक तार तुटली की ओळ उसवत जाते, आणि ती लवचीक असते. अंगावर भार आला की पोट काढते. नर बिबट्याचं वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जातं. तेवढा ऐवज धावत येऊन जाळीवर आदळला तर काय, याचा विचार त्या माणसानं केला नव्हता, कारण आजवर त्यानं कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून पिंजरे बनवले होते. बाहेरचं आत येऊ नये म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही वेल्डमेश घेतली, दोन इंच बाय दोन इंच चौकडीची, दहा गेजची, म्हणजे तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक सांधा जोडलेला. दीड इंची अँगलच्या चौकटीत ती आतून नाही, बाहेरून लावून घेतली, म्हणजे बाहेरचा धक्का अँगल सोसतो, नुसतं वेल्डिंग नाही.

चौकडी दोन इंची हवी याचं कारण पंजा. मोठ्या चौकडीतून बिबट्या पंजा घालून ओढतो. आणि कुत्र्याला जाळीला पाठ टेकवून निजायची खोड असते, हे ज्यांनी पाळलंय त्यांना माहीत. म्हणून खालचे अडीच फूट जाळीच नको म्हटलं, सिमेंटचे ब्लॉक लावून घेतले. त्याचा एक फायदा नंतर कळला. निजलेल्या कुत्र्याला समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे उंदीर पळाला, मांजर गेलं, म्हणून ती ऊठसूट भुंकत नाही. उभी राहिली तर दिसतं.

खाली दीड फूट चर खणून डबर भरलं, त्यावर ब्लॉकची पहिली ओळ. कुत्री उकरतात, विशेषतः उन्हाळ्यात, गारवा शोधायला. नुसत्या मातीवर जाळी टेकवली असती तर चिंगीनं चार दिवसांत बोगदा काढला असता. आणि तिनं बाहेर जायला काढलेल्या वाटेनं दुसरं कुणी आत आलं असतं.

छताचं मात्र भांडण झालं. सहा-साडेसहा फूट उंच जाळी आहे, वर कशाला पुन्हा तेवढीच जाळी, असं नवरा आणि वेल्डिंगवाला दोघं एका सुरात. छतानं खर्च जवळपास दीडपट होत होता, आणि लोखंड किलोवर असतं, त्यामुळे प्रत्येक अँगलला पोटात गोळा येतो. पण बिबट्याला सहा फूट म्हणजे काय? तो शेळी तोंडात धरून झाडावर चढतो. वर उघडं ठेवलं असतं तर आम्ही त्याला एक खोल हौद बांधून दिला असता, ज्यातून चिंगीला पळताही आलं नसतं. मोकळ्या कुत्र्याला निदान धावायला रान असतं. शेवटी दादाच म्हणाले, "करायचं तर झाकून करा, नायतर राहू द्या." त्यांच्या तोंडून 'करायचं' ऐकलं तेव्हा मी पटकन विषय बदलला, न जाणो फिरले तर.

निजायच्या टोकाला पाच फूट पत्रा, त्यावर पाचटाचा जाड थर आणि वरून जुनी जाळी बांधलेली. एप्रिलमध्ये नुसत्या पत्र्याखाली तवा तापतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. उरलेल्या भागावर हिरवं शेडनेट, तेही अर्ध्यावरच. अर्ध्यावर ऊन पाहिजे, ते वास मारतं. तळाला निजायच्या जागी कोबा, बाकी मुरूम, त्यावर वाळू, आणि गोठ्याच्या गटाराकडं थोडा उतार. सगळीकडं कोबा केला की धुवायला बरं, पण कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडतात आणि मूत साचून राहतं. मुरूम पितो. पाण्याला दादांनी गोठ्यामागं पडलेली दगडी डोणी काढून दिली, आजोबांच्या वेळची. प्लॅस्टिकचं घमेलं चिंगीनं दोनदा फाडलं होतं.

भिंतीच्या फटी सिमेंटनं लिंपून वर चुन्याचे हात दिले. हे गोचिडांसाठी. गोचीड कुत्र्याच्या अंगावर जेवते, पण अंडी घालायला उतरते आणि भिंतीच्या फटीत शिरते. एक मादी हजारांनी अंडी घालते. मग कुत्र्याला कितीही औषध लावा, भिंत पुन्हा गोचिडी देते, आणि त्यांच्यामार्फत रक्तातले ताप येतात. आमची काळी बिबट्यानं नेली असं दादा सांगतात, पण शेवटच्या महिन्यात ती खात नव्हती, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. ती बिबट्याला सापडली कारण तिच्यात पळायचं बळच नव्हतं, असं मला वाटतं.

दार सगळे आतल्या बाजूला उघडणारं करतात, कुत्रं ढकलून बाहेर येऊ नये म्हणून. आम्ही बाहेर उघडणारं केलं. आतून ढकलणारी चिंगी सोळा किलोची, बाहेरून ढकलणारा तिच्या चौपट. त्यानं ढकललं तर दार चौकटीत आणखी घट्ट बसावं. दोन कड्या, एक वर, एक खाली, खालच्या कडीला खिट्टी.

सगळं उभं राहिलं आणि गावात बातमी पसरली की यांच्याकडं पिंजरा लागलाय. आमच्याकडं पिंजरा म्हणजे वनखात्याचा, आत शेळी नाहीतर कोंबडी बांधलेला, बिबट्या धरायचा. रस्त्यानं जाणारे मोटरसायकल थांबवून विचारत, "घावला का?" एक जण म्हणाला, एवढा लांब पिंजरा कशाला, दोन धरायचेत का? दादांनी आधी समजावून सांगितलं, नंतर कंटाळून "आज न्हाय, उद्या" असं उत्तर द्यायला सुरुवात केली.

आणि चिंगी आत जाईना. दार उघडं ठेवून भाकरी टाकली तर ती मान लांब करून, मागचे पाय बाहेर ठेवून भाकरी उचलायची आणि पळायची. तिचा दोष नव्हता. या घराण्यातल्या कुठल्याच कुत्र्यानं आजवर चौकटीच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं, ओट्यावर आलं तरी झाडू पडायचा. एका संध्याकाळी बघते तर दादा आत. कोब्यावर गोणपाट टाकून, भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन बसलेले, शेजारी परातीत सुकटीचं कालवण आणि भाकरी कुस्करलेली. चिंगी दारात. मी दिसले तशी त्यांनी बोटानं 'जा' अशी खूण केली. किती वेळ बसले ठाऊक नाही, पण बाहेर आले तेव्हा चिंगी आत होती आणि दादांच्या धोतराला वाळू लागलेली. "डास लई हायेत आत," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला तोही त्यांनीच.

एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाळते. सकाळी उजाडलं की चिंगी बाहेर, आणि आमच्यापैकी कुणीतरी तिला कालव्यापर्यंत नेऊन आणतं. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा म्हटलाय, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच कलमात पुढं असंही आहे की नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही तर तीही क्रूरता. शहरातल्या बंगल्यांच्या मागं जाळीत दिवसचे दिवस उभी असलेली परदेशी जातीची कुत्री मी पाहिलीत. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी, आणि आत ते जाळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, तिथल्या फरशीवर वाट पडलेली. तसलं काही मला नको होतं.

राखणीचं काय झालं, तर चिंगी आतूनही भुंकते. उलट जास्त धीरानं. पूर्वीची कुत्री भुंकत भुंकत मागं सरायची, पार दाराला अंग घासायची, आणि शेवटी आवाज बंद व्हायचा, तेव्हा आम्ही समजायचो की 'तो' फार जवळ आहे. चिंगी एका जागेवरून, सूर न सोडता भुंकत राहते. आम्ही मात्र आता नुसतं 'हाऽऽड' करून झोपत नाही. दिवा लावतो, खिडकीतून भांडं वाजवतो, रात्रीच्या लाइटला मोटार सुरू करायला जायचं असेल तर दोघं जातो. जे काम कुत्र्यावर टाकलेलं होतं त्यातलं थोडं आमच्याकडं परत आलं. झोप कमी झाली हे खरंय.

थंडीत एका सकाळी मुरमावर ठसे होते. जाळीच्या पूर्वेकडून आलेले, ब्लॉकच्या कडेकडेनं दारापर्यंत, तिथं थोडी माती विस्कटलेली, मग कांद्याच्या ओल्या वाफ्यातून उसाकडं. वाफ्यातला ठसा अगदी स्वच्छ उमटलेला, चार बोटं आणि मागं गादी, नखांची खूण नाही. चिंगी निजायच्या कोपऱ्यात अंगाची मोळी करून होती आणि दुपारपर्यंत तिनं काही खाल्लं नाही. जाळीची एकही तार वाकली नव्हती. नवऱ्यानं वेल्डिंगवाल्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, फोटो पाठवा, गिऱ्हाइकांना दाखवायला बरा.

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं. मला हे अपेक्षित होतं आणि तरी ऐकून बरं वाटलं नाही. आमच्या दारात मिळालं नाही म्हणून तो उपाशी थोडाच राहणार होता. सगळ्या वस्त्यांनी एकदम कुत्री आत घेतली तर तो काय करील, जंगली डुकरांकडं, उंदीर-घुशींकडं वळेल की गोठ्याच्या कडीला धक्का देईल, की माणसाच्या आणखी जवळ येईल, याचं उत्तर माझ्याकडं नाही. गेलेल्या कुत्र्याचा मालक संध्याकाळी आला, जाळीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कड्या हलवून बघितल्या आणि म्हणाला, "वहिनी, याचा हिशोब लिहून द्या की."

मी वहीचं पान फाडून सगळं लिहून दिलं, अँगल, मेश, ब्लॉक, मजुरी. त्यानं पहिली काट मारली ती छतावर. मी म्हटलं, भाऊजी, लांबी कमी करा, शेडनेट राहू द्या, पाहिजे तर माझ्याकडचे उरलेले दोन अँगल घेऊन जा, पण छत काढणार असाल तर हे करूच नका. तो बराच वेळ पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ऊस तुटला की बघू, बिल आल्यावर." मी त्याला सांगितलं की ऊस तुटेल तेव्हाच तर तो रानातून उठून वस्तीकडं सरकेल. "ते बी खरंय," म्हणाला, आणि पान घडी करून खिशात घातलं. अँगल अजून गोठ्यापाशी पडलेत. उद्या नवरा ट्रॅक्टर घेऊन तिकडं जाणारच आहे, तेव्हा टाकून येईल.